माहितीप्रमुखाचे उत्तरदायित्व : वऱ्हाडातील कर्जमाफीच्या दोन प्रयोगांची समीक्षा

मोठ्या संस्थांतील माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रमुखपदाविषयी जे लेखन व्यवस्थापनशास्त्राच्या व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांपुढे येते, त्यात या पदाच्या अडचणींची एक ठराविक यादी आढळते. तंत्रज्ञान वेगाने बदलते. कुशल माणसे टिकत नाहीत. अंदाजपत्रक अपुरे पडते. माहितीच्या सुरक्षिततेची चिंता वाढत जाते. आणि वरिष्ठ मंडळींस संगणकाची भाषा उमगत नाही. ही यादी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु थोडाफार फेरफार केला असता हीच यादी कारखान्याच्या यंत्रशाळेच्या प्रमुखास, रुग्णालयाच्या अधीक्षकास किंवा ग्रंथपालासही लागू पडते. जी यादी सर्वांस लागू पडते तिच्यावरून कोणत्याही एका पदाचे विशिष्ट स्वरूप कळत नाही. या पदाची जी अडचण केवळ या पदाचीच आहे ती कोणती, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहतो. त्याचे उत्तर परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांत शोधण्यापेक्षा आपल्या अमरावती-अकोल्याच्या भूमीवर घडलेल्या एका प्रकरणात शोधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'चीफ इन्फर्मेशन ऑफिसर' ही संज्ञा रूढ झाली ती विल्यम सिनॉट व विल्यम ग्रूबर यांच्या १९८१ च्या ग्रंथापासून. माहिती ही पैशासारखीच संस्थेची साधनसंपत्ती असून, पैशावर जसा वित्तप्रमुख तसा माहितीवर माहितीप्रमुख असावा, असा त्या प्रतिपादनाचा गाभा होय. (यापुढे आपण 'माहितीप्रमुख' हाच शब्द वापरू.) ही उपमा सोयीची ठरली, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावरच या विषयाचा डोलारा उभा आहे. तथापि ती एका मुद्द्यावर फसवी आहे. वित्तप्रमुखाच्या संमतीवाचून संस्थेच्या तिजोरीतून रुपया हलत नाही. जमा व खर्च या दोन्ही दारांवर त्याचा पहारा असतो. माहितीप्रमुखाकडे फक्त एक दार असते, बाहेर पडण्याचे. आत येणारी माहिती हजारो हातांनी लिहिली जाते. ते हात दुसऱ्या खात्यांचे, दुसऱ्या संस्थांचे, कित्येकदा दुसऱ्या पिढीचे असतात. त्यांनी काय लिहावे, कोणत्या शब्दाचा अर्थ काय धरावा, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसतो. यादी चुकली म्हणजे मात्र उत्तर त्याच्याकडे मागितले जाते.

हे विधान पडताळून पाहण्यास शेतकरी कर्जमाफीइतके योग्य प्रकरण दुसरे क्वचितच सापडेल. महाराष्ट्र शासनाने अडीच वर्षांच्या अंतराने दोन कर्जमाफ्या जाहीर केल्या. शासनयंत्रणा तीच, बँका त्याच, गावे तीच. एवढेच नव्हे तर संगणकाच्या साधनांतही त्या काळात मोठी क्रांती झाली नव्हती. पहिली योजना माहितीच्या गोंधळात रुतली, दुसरी बऱ्याच अंशी सुरळीत चालली. कारण यंत्रात नसेल तर ते अन्यत्र शोधणे प्राप्त होते.

वऱ्हाडापुरती थोडी पूर्वपीठिका येथे आवश्यक आहे. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हे जिल्हे त्या वेळी देशाच्या डोळ्यांपुढे आले होते. पुढे २००८ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात सर्व देशासाठी ६०,००० कोटींची कर्जमाफी आली. तिच्यात संपूर्ण माफीस दोन हेक्टरांची मर्यादा होती. ओलिताच्या मुलखात दोन हेक्टरांचा धनी सुस्थितीत असू शकतो. दर्यापूर-अकोटकडील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकास चालत नाही, तेथे दहा एकरांचा कोरडवाहू कापूस पिकविणाराही कर्जबाजारी असतो. त्यामुळे वऱ्हाडातील पुष्कळ थकबाकीदार 'इतर शेतकरी' या वर्गात पडले व संपूर्ण माफीस मुकले. 'लहान शेतकरी' या दोन शब्दांची व्याख्या दिल्लीत झाली आणि तिचा भार अकोल्याच्या खातेदाराने वाहिला. व्याख्या ही तांत्रिक बाब नव्हे, हे त्याच वेळी लक्षात यावयास हवे होते.

त्या योजनेचे लेखापरीक्षण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मार्च २०१३ मध्ये संसदेपुढे ठेवले. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी सुमारे २२ टक्के खात्यांत त्रुटी आढळल्या. अपात्रांस लाभ मिळाला होता आणि पात्र असूनही काही वंचित राहिले होते. या अहवालाचा परिणाम २०१७ च्या योजनेच्या रचनेवर झाला, हे तिच्या इतिहासातील फारसे न चर्चिले गेलेले अंग आहे. बँकांनी दिलेल्या याद्यांवर विश्वासून पैसा देऊ नये. शेतकऱ्याने स्वतः अर्ज करावा, स्वतःची माहिती प्रतिज्ञेवर द्यावी, आणि ती बँकेच्या माहितीशी ताडून पाहावी, असा विचार त्यातून बळावला. विचार म्हणून तो अयोग्य नव्हता. परंतु त्याचा अर्थ असा झाला की, बँकेविषयीचा शासनाचा अविश्वास एका संगणकप्रणालीच्या रूपाने मांडण्याचे काम माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे आले.

घटनाक्रम थोडक्यात असा. १ जून २०१७ रोजी राज्यात शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. २४ जूनला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३४,०२२ कोटी रुपयांची, ८९ लाख शेतकऱ्यांस लाभ देणारी 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' जाहीर केली. शासन निर्णय २८ जूनचा. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ. त्याहून अधिक कर्ज असल्यास वरची रक्कम शेतकऱ्याने भरावी म्हणजे दीड लाखाचा लाभ. आणि नियमित फेड करणाऱ्यास कर्जाच्या २५ टक्के, २५ हजारांच्या मर्यादेत, प्रोत्साहन, असे तिचे तीन विभाग होते. २४ जुलैपासून अर्ज ऑनलाईन घेण्यास आरंभ झाला. १५ सप्टेंबर ही अखेरची तारीख पुढे २२ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, मुंबईच्या सह्याद्री अतिथिगृहात निवडक शेतकऱ्यांस प्रमाणपत्रे देण्यात आली.

या तारखांकडे अभ्यासकाने बारकाईने पाहावे. घोषणा व शासन निर्णय यांत चार दिवस. शासन निर्णय व अर्ज यांत एक महिन्याहून कमी. अर्जांची मुदत संपणे व दिवाळीचे वाटप यांत चार आठवडेदेखील नाहीत. यांपैकी एकही तारीख लाखो नोंदींच्या ताळमेळास किती काळ लागतो याचा हिशेब करून ठरविलेली दिसत नाही. संप, अधिवेशन व सण यांनी त्या ठरविल्या. लोकशाहीत असे होणे स्वाभाविक आहे, आणि राज्यकर्त्यांस त्याबद्दल दोष देऊन आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. प्रश्न असा की, 'एवढ्या मुदतीत ही यादी शुद्ध होणार नाही' हे सांगण्याचे अधिकृत स्थान कोणाचे होते, आणि तसे सांगितल्यास ते ऐकण्याचे बंधन कोणावर होते.

श्रावण-भाद्रपदात वऱ्हाडातील शेतकरी निंदण-डवरणीत गुंतलेला असतो. त्या दिवसांत त्याला पत्नीसह आपले सरकार केंद्रावर जावे लागले, आणि बोटांच्या ठशांनी वा मोबाईलवर आलेल्या अंकांनी आपली ओळख पटवावी लागली. कापूस वेचून व तण उपटून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचे ठसे यंत्र सहजी स्वीकारीत नाही. आणि मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, यंत्राशी बोलणारे जाळेच कित्येक ठिकाणी नसते. वृत्तपत्रांचे लक्ष त्या वेळी मुख्यतः या रांगांकडे व बंद पडणाऱ्या सर्व्हरकडे होते. ते कष्ट खरे होते. परंतु सर्व्हर वाढविता येतो व मुदतही वाढविता येते. जे दुरुस्त करणे कठीण होते ते त्याच्या पलीकडे होते, आणि त्याकडे आता वळावयाचे आहे.

या योजनेतील 'शेतकरी' निरनिराळ्या वह्यांत निरनिराळ्या रूपाने वावरतो. पहिली वही गावच्या सेवा सहकारी सोसायटीची. ती गटसचिव ठेवतो, आणि एका गटसचिवाकडे बहुधा अनेक गावांच्या सोसायट्या असतात. या वहीत शेतकरी हा सभासद क्रमांक असतो. नाव मराठीत, ज्या उच्चाराने गावात हाक मारतात त्या उच्चाराने लिहिलेले. दुसरी वही बँकेची. येथे एक गोष्ट सहकाराच्या अभ्यासकास ठाऊक असते, पण संगणकप्रणाली आखणाऱ्याच्या ध्यानात सहजी येत नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देते ते सोसायटीस, आणि सोसायटी देते ते सभासदास. त्रिस्तरीय पतरचनेत बँकेच्या दृष्टीने ऋणको ही संस्था असते, शेतकरी नव्हे. अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकेचे क्षेत्र अकोला व वाशीम असे दोन जिल्ह्यांचे आहे. अशा बँकेच्या शाखांत संगणक आला म्हणून तिच्याशी जोडलेल्या शेकडो सोसायट्यांच्या वह्या आपोआप संगणकावर येत नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकेची वही निराळी. तिच्यात शेतकरी थेट ग्राहक असतो, मात्र त्याचे नाव रोमन लिपीत असते.

तिसरी वही सातबाऱ्याची. तिच्यात माणूस मुख्य नसून जमीन मुख्य आहे. एका गट क्रमांकावर तीन भावांचे सामाईक खाते असते. वडील वारून दहा वर्षे झाली तरी वारसाचा फेरफार झालेला नसतो. विवाहित बहिणीचे नाव माहेरच्या नावाने तसेच राहिलेले असते. चौथी वही आधारची. तिच्यात फक्त व्यक्ती आहे. तिचे शेत नाही, कर्ज नाही, कुटुंबही नाही. आणि योजनेस तर कुटुंबच हवे होते! पती, पत्नी व अठरा वर्षांखालील मुले मिळून एक कुटुंब, आणि त्या कुटुंबास मिळून दीड लाख, अशी शासनाची व्याख्या होती. हे कुटुंब वरील चार वह्यांपैकी एकाही वहीत नाही. शिधापत्रिकेत एक कुटुंब असते खरे, पण ते चुलीचे कुटुंब. त्यात म्हातारे आईवडील व धाकटा भाऊही बसतो. थोडक्यात, शासनाने लाभाचा घटक म्हणून ज्याची निवड केली तो घटक कोणत्याही दप्तरात अस्तित्वात नव्हता. तो अर्जाच्या वेळी, केंद्रचालकाच्या पडद्यावर, प्रथमच निर्माण व्हावयाचा होता.

यात अपात्रतेच्या अटींची भर. आयकर भरणारा नको, शासकीय नोकर नको, लोकप्रतिनिधी नको. प्रत्येक 'नको' म्हणजे आणखी एक वही, आणि तीही दुसऱ्या खात्याच्या ताब्यातील.

नावांचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. अमरावतीकडे 'वानखडे' लिहितात, पश्चिमेकडील कारकून त्याचे 'वानखेडे' करतो. रोमन लिपीत तर दोहोंची तीन-चार रूपे होतात. 'राऊत' व 'राउत', 'इंगळे'चा ळ कधी एका अक्षराने तर कधी दुसऱ्याने. गावात यामुळे कोणाचे काही अडत नाही, कारण गटसचिव माणसास ओळखतो. यंत्र ओळखत नाही. ते अक्षरे ताडून पाहते. म्हणजे गटसचिवाच्या डोक्यात जी ओळख होती ती कागदावर उतरविण्याचे काम कोणी तरी करावयास हवे होते, आणि ते काम कोणाच्याच नावावर नव्हते. अर्ज भरून झाल्यावर अर्जदारांच्या याद्यांचे गावोगावी चावडी-वाचन करण्याचे ठरविण्यात आले, ही त्या योजनेतील फार शहाणपणाची गोष्ट होती असे आमचे मत आहे. चारचौघांत नाव वाचले म्हणजे मृत कोण, नोकरीत कोण, एकच माणूस दोनदा कसा, हे पाच मिनिटांत कळते. परंतु चावडीवर निघालेली दुरुस्ती मुंबईतील यादीत पोहोचण्यास जो सवड व अधिकाराचा मार्ग लागतो तो मुदतीच्या घाईत उरला नव्हता.

दुसऱ्या बाजूने बँकांकडूनही माहिती मागविण्यात आली. ६६ रकान्यांचा तो तक्ता त्या वर्षी 'एक ते सहासष्ट' या नावाने सहकार खात्यात व सोसायट्यांत सर्वतोमुखी झाला होता. येथे दप्तराच्या शास्त्रातील एक जुना नियम आठवावा. रकाना भरणे सक्तीचे असेल आणि भरणाऱ्यापाशी माहिती नसेल, तर रकाना रिकामा राहत नाही. काहीतरी भरले जाते. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिल्या याद्या बँकांकडे गेल्या तेव्हा एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे आढळली. पात्र लाभार्थ्यांची 'हिरवी यादी' पोर्टलवर प्रसिद्ध झाली आणि मागेही घ्यावी लागली. विसंगत अर्ज पुढे तालुकास्तरीय समित्यांकडे तपासणीसाठी गेले. म्हणजे ज्या माणसास गावाची वही वाचता येते त्याच्याकडेच अखेर काम परत आले. फक्त ते आरंभी व्हावयाचे ते शेवटी झाले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान विभागाची सूत्रे तत्कालीन प्रधान सचिवांकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. त्या अधिकाऱ्याच्या गुणदोषांचे मूल्यमापन येथे कर्तव्य नाही. आपल्या दृष्टीने महत्त्व आहे ते उत्तरदायित्व कोठे जाऊन थांबले याला. कुटुंबाची व्याख्या सहकार विभागाच्या शासन निर्णयातील होती. तारखा मंत्रिमंडळाच्या होत्या. सभासदाची नोंद सोसायटीची, सातबारा महसूल खात्याचा, आधार केंद्र शासनाचे. चूक मात्र 'संगणकाची' ठरली. संगणकास पदावरून हलविता येत नाही. त्याच्या प्रमुखास येते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या आरोग्यविम्याचे शासकीय पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. तेथे तर १९९६ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या केंद्रीय खात्यात माहितीप्रमुखाचे पद सक्तीचे केलेले होते. पद होते, परंतु त्या कामाच्या खर्चावर, कंत्राटांवर व तारखेवर त्या पदाची निर्णायक सत्ता नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील विधिमंडळाने नवा कायदा करून माहितीप्रमुखांस अंदाजपत्रक व कंत्राटे यांबाबत संमतीचा अधिकार दिला. त्या देशाने धडा घेतला तो अर्धा, असे मात्र म्हणावेसे वाटते. खर्चावरची सही मिळाली; व्याख्येवरची मिळाली नाही.

आता दुसरा प्रयोग. डिसेंबर २०१९ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना' जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले व ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ, असे तिचे स्वरूप होते. शेतकऱ्याने अर्ज करावयाचा नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती द्यावयाची. यादी गावात व केंद्रावर लावावयाची. आपले नाव, आधार क्रमांक व रक्कम पाहून शेतकऱ्याने बोटाचा ठसा द्यावयाचा, आणि रक्कम मान्य नसल्यास तेथल्या तेथे तक्रार नोंदवावयाची. लाभाचा घटक कुटुंब नसून वैयक्तिक शेतकरी ठरविण्यात आला. सर्वांत लक्षणीय असे की, २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रसिद्ध झाली ती सबंध राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातील दोन याप्रमाणे ६८ गावांतील १५,३५८ खात्यांची ती होती. दोष कोठे निघतात ते पाहून मग पुढील याद्या काढण्यात आल्या. मार्चमध्ये करोनाची साथ आली व ठसे घेण्याचे काम थांबले. तरीही अखेरीस तीस लाखांहून अधिक खात्यांवर सुमारे २०,००० कोटी रुपये जमा झाले.

या दोन योजनांची तुलना करताना घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, आणि दोन आक्षेप स्वतःहून मांडणे आवश्यक वाटते. पहिला असा की, दुसरी योजना पहिलीच्या खांद्यावर उभी होती. २०१७ च्या गोंधळात का होईना, लाखो कर्जखात्यांस आधार क्रमांक जोडले गेले होते, सोसायट्यांच्या वह्या एकदा तपासल्या गेल्या होत्या, आणि गटसचिवांस तक्ते भरण्याचा सराव झाला होता. हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावयास हवा. दुसरा असा की, दुसऱ्या योजनेने काम सोपे केले ते काही लोकांस बाहेर ठेवून. दोन लाखांहून अधिक थकबाकी असलेल्यास तिच्यात स्थान नव्हते. नियमित फेड करणाऱ्यांचे प्रोत्साहन पुढे लांबले व त्याचे वाटप २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. वैयक्तिक शेतकरी हा घटक धरल्याने ज्या घरात तीन खाती त्या घरास तीनदा लाभ, आणि ज्या घरात एकच खाते त्यास एकदाच. न्यायाच्या दृष्टीने कुटुंबाचा घटक अधिक योग्य होता असेही कोणी म्हणू शकेल.

आमच्या मते या प्रकरणाचे मर्म याच ठिकाणी आहे. 'कुटुंब' हा न्याय्य घटक होता पण त्याची वही नव्हती. 'खाते' हा कमी न्याय्य घटक होता पण त्याची वही होती. यांतून निवड करणे हा राजकीय निर्णय आहे आणि तो लोकप्रतिनिधींनीच घ्यावयाचा आहे. मात्र निवडीपूर्वी त्यांच्यापुढे हे मांडले जावयास हवे की, कुटुंबाचा घटक हवा असेल तर त्याची वही तयार होण्यास इतके महिने लागतील, आणि दिवाळी गाठावयाची असेल तर खात्यावर भागवावे लागेल. हे मांडणे हेच माहितीप्रमुखाचे प्रमुख काम होय. सर्व्हर, जाळे, सुरक्षितता ही कामे त्याच्या हाताखालचे लोक करू शकतात. हे काम दुसरा कोणी करू शकत नाही. कारण सर्व वह्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची वेळ येते ती त्याच्याच टेबलावर. २०२० मधील ६८ गावांची यादी ही वस्तुतः अशा मांडणीचेच मूर्त रूप होते. 'आम्हांस अजून खात्री नाही' हे वाक्य त्या वेळी शासनाच्या वेळापत्रकातच लिहिले गेले, आणि ते उच्चारण्यासाठी कोणा अधिकाऱ्यास आपले पद पणाला लावावे लागले नाही.

निकोलस कार यांनी २००३ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये असे प्रतिपादले होते की, माहिती-तंत्रज्ञान हे विजेसारखे सर्वांस सारखेच उपलब्ध झाले असल्यामुळे त्यातून कोणत्याही एका संस्थेस विशेष लाभ उरला नाही. या मतावर बराच वाद झाला. वऱ्हाडातील प्रकरणावरून पाहता कार यांचे यंत्राविषयीचे म्हणणे खरे ठरते, आणि म्हणूनच ते अपुरेही ठरते. यंत्र सर्वांस सारखे आहे. वह्या सारख्या नाहीत. विजेच्या तारेतून येणारी वीज कोणी निर्माण केली याची दिव्यास पर्वा नसते. यादीतील नाव कोणी लिहिले यावर मात्र एका घराचे पुढचे पीककर्ज अवलंबून असते. थकबाकीदार म्हणून नाव राहिले तर पेरणीच्या वेळी बँकेचे दार बंद, आणि मग सावकाराचे उघडे, हा क्रम या भागात कोणास समजावून सांगावा लागत नाही. २०१७ च्या योजनेत घोषणेच्या ३४,०२२ कोटींपैकी पुढील दोन वर्षांत प्रत्यक्ष खात्यांवर पोहोचले ते १८,००० कोटींच्या आसपास. या तफावतीत अपात्रांचा भाग किती आणि ज्यांच्या वह्या एकमेकींशी जुळल्या नाहीत अशा पात्रांचा किती, याचे गावनिहाय संशोधन होणे अगत्याचे आहे. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातील पाच जिल्हे यासाठी पुरेसे क्षेत्र आहेत, आणि चावडी-वाचनाची टिपणे तालुक्याच्या दप्तरांतून नाहीशी होण्यापूर्वी ते व्हावे.

दरम्यान वह्यांची संख्या कमी झालेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. पंधरा एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा करण्यात आला. हा क्रमांक सातबारा व आधार यांच्या जोडणीतून निघतो. तेव्हा मक्त्याने किंवा बटईने शेत करणारा त्यात येत नाही, आणि ज्याच्या बापाचे नाव अद्याप सातबाऱ्यावरून उतरलेले नाही त्याचीही अडचण होते. सोसायटीच्या सभासद क्रमांकाशी या नव्या क्रमांकाचा संबंध आपोआप जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माजी आमदार बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात कर्जमाफीसाठी आंदोलन झाले, आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन शासनाने दिले. पुन्हा आधी तारीख ठरली. अशा कोणत्याही नव्या योजनेच्या शासन निर्णयात अभ्यासकाने प्रथम रक्कम पाहू नये. अचलपूर वा बाळापूर तालुक्यातील एखाद्या सभासदाची सोसायटीची नोंद व शेतकरी ओळख क्रमांकाची नोंद यांत विसंगती निघाली तर कोणती ग्राह्य धरावयाची, ती दुरुस्त करण्याचा आदेश गटसचिवाने, तलाठ्याने की मुंबईतील विभागाने द्यावयाचा, आणि तो आदेश निघेपर्यंत त्या सभासदास पेरणीचे कर्ज मिळणार की नाही, ही कलमे त्यात आहेत काय, हे आधी पाहावे.